उसवून आत नेलेली होडी

मुंबईत एकतीस वर्षं मी वस्तू जागेवर ठेवण्याची नोकरी केली. कोणी विचारलं की मी एवढंच सांगायचे. एका मोठ्या संग्रहालयाच्या प्रदर्शन विभागात होते. कुठली मूर्ती कुठल्या कोपऱ्यात, दिवा डावीकडून की उजवीकडून, लोक कुठून शिरणार आणि कुठून बाहेर पडणार, हे ठरवायचं. पगार वेळेवर व्हायचा, वरिष्ठांशी भांडणं त्याहून वेळेवर व्हायची. निवृत्त झाल्यावर मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या गावी येऊन राहिले, तेव्हा ठरवलं होतं की आता फक्त अबोलीचे गजरे करायचे आणि दुपारी झोपायचं. एका पावसाळ्यात दोन्ही गोष्टींचा कंटाळा आला.

मुलांचं संग्रहालय काढायचं हे डोक्यात आलं ते असं. गावातली शाळा पटसंख्या कमी म्हणून शेजारच्या गावात विलीन झाली आणि चिऱ्याची ती चांगली इमारत रिकामी पडली. मी शिक्षण संस्थेच्या भाऊंकडे गेले. भाऊ म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, वय ऐंशीच्या पुढे, घरी मालवणीत शिव्या देतात आणि संस्थेच्या कार्यालयात बसले की शुद्ध मराठी बोलतात. ते म्हणाले, "इमारत वापरा. पण एक अट लेखी देतो. भिंत फोडायची नाही, दार वाढवायचं नाही, कौलांना हात लावायचा नाही. माझ्या वडिलांनी बांधून घेतली आहे." मी लगेच सही केली. सही करताना माणसाला सगळ्याच अटी सोप्या वाटतात.

मुलांचं संग्रहालय म्हणजे काय, हे गावात समजावता समजावता माझ्या नाकीनऊ आले. म्युझियम म्हटलं की लोकांना जुनं आणि निकामी एवढंच कळतं. त्यामुळे पहिल्या महिन्यात व्हरांड्यात बंद पडलेले चार रेडिओ, एक तुटकं शिवणयंत्र आणि दोन तोंडांच्या वासराची कवटी येऊन पडली. रेडिओ आणणाऱ्या एका आजोबांची अट होती की रेडिओशेजारी त्यांचाही फोटो लावावा, कारण बातम्या त्यांनीच ऐकल्या होत्या. मला हे अगदी पटलं आणि मी फोटो लावला. दोडामार्गाकडच्या एका बाईंनी मात्र रबराच्या झाडाला बांधायची वाटी, चीक आणि वाळलेला पातळ रबर अशा तिन्ही गोष्टी आणून दिल्या. वरून म्हणाल्या, "पोरांका वोढूक देवा, तुटणा नाय." त्या बाईंना मुलांचं संग्रहालय माझ्याआधी कळलं होतं.

बाहेरच्यांसाठी धंद्यातल्या दोन-तीन गोष्टी सांगते. मोठ्यांच्या संग्रहालयात वस्तू जपायची असते, मुलांच्या संग्रहालयात मूल. फलक लावायचा तो मुलाच्या छातीच्या उंचीवर, आणि तीन ओळींच्या पुढे लिहायचं नाही, चौथी ओळ फक्त शिक्षक वाचतात. रांगेने बघायचा रस्ता आखायचा नाही, कारण मूल रांगेत चालत नाही, ते ज्याच्यात जीव अडकेल तिकडे धावतं. आणि कुठला भाग चालतो हे वहीतल्या अभिप्रायांवरून कधीच कळत नाही. ते भिंतीवरच्या मळावरून कळतं. जिथे तीन फुटांवर भिंत काळी झाली असेल तिथे काम चांगलं झालं आहे असं समजायचं. आमच्याकडे रंगारी यायचा तेव्हा मी त्याला त्या डागांना आधी हात लावू द्यायची नाही, स्वतः फिरून वहीत नोंदवून घ्यायची. त्याला वाटायचं म्हातारीचं डोकं फिरलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. दालनाच्या मध्यभागी काय ठेवायचं हा प्रश्न होता. समुद्राकाठच्या गावात दुसरं काय ठेवणार? होडी. आणि माझ्या मनात एकच होडी होती.

सगुणाकाकीची होडी गावात सगळ्यांना माहीत होती. काकी मासे विकते, पंचाहत्तरीला टेकली आहे, अजून डोक्यावर पाटी घेऊन चढण चढते. तिचा नवरा काशीराम जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगे गोव्यात ट्रॉलरवर गेले, आणि होडी किनाऱ्यावरच्या झावळ्यांच्या खोपीत तशीच उभी होती. ती खिळ्यांची नव्हती. शिवलेली होती. वाचकांतल्या पुष्कळांना हे खोटं वाटेल म्हणून सांगते. आमच्या किनाऱ्यावर पूर्वी होड्या शिवत. तळाला एका अख्ख्या आंब्याच्या खोडाचं कोरीव लाकूड, त्यावर फळ्या, फळ्यांच्या कडांना भोकं, आणि त्या भोकांतून सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी, ओवून फळी फळीला घट्ट आवळायची. सांध्यात नारळाच्या किशीची वळकटी भरायची, वरून माशाचं तेल चोपडायचं. लोखंडाचा खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो, सुंभ पाण्यात फुगून आणखी घट्ट होतो. शिवलेली होडी लाटेबरोबर थोडी वाकते, खडकाला लागली तरी पटकन फुटत नाही.

काकीकडे गेले तेव्हा ती जराही विचारात पडली नाही. म्हणाली, "ने. हयसर वाळवी खायत तिका, थंयसर पोरां तरी खेळतली. पण एक आयक गो बाय. तिका खिळो लावचो नाय. जल्मात लागलेलो नाय."

"नाही लावणार," मी म्हटलं. त्याच दिवशी दानपत्राचा छापील कागद भरून घेतला. वस्तू: होडी. मालक: सगुणा. बनवणाऱ्याचे नाव: मी काकीला विचारलं, "होडी कोणाची होती?" ती म्हणाली, "माज्या घोवाची." मी लिहिलं, काशीराम. रकाना भरला याचा मला आनंद झाला.

दालनाचं मॉडेल मी स्वतः केलं होतं. पुठ्ठ्याच्या भिंती, काडेपेटीच्या काड्यांचे व्हरांड्याचे खांब, आणि मध्यभागी थर्माकोलची होडी. माझ्या हाताला सवय असल्यामुळे ते फार देखणं झालं होतं. ग्रामपंचायतीच्या सभेत मी ते टेबलावर ठेवलं आणि दोन बोटांत होडी धरून अलगद दालनात ठेवून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगुणाकाकी पुढे येऊन वाकून बघत म्हणाली, "ह्येका छप्पर नाय?" सगळे हसले. मी पण हसले आणि अगदी समजूतदार आवाजात म्हटलं, "काकी, मॉडेलला छप्पर लावत नाहीत. आतलं दिसायला हवं ना."

होडी आणायच्या दिवशी वीस माणसांनी ती खांद्यावर घेऊन आणली, वाटेत नारळ फुटला, देवाला गाऱ्हाणं घातलं, कोणीतरी ढोल आणला. आणि व्हरांड्यात माझ्या घोड्याने पेंड खाल्ली. होडी वीस फुटांची, व्हरांडा सहा फुटांचा, आणि दालनाच्या दारासमोर बरोबर दीड हातावर दगडी खांब. लांबी मी मोजली होती, रुंदी मोजली होती, दार मोजलं होतं. होडी वळवावी लागेल हे मोजलं नव्हतं. मॉडेलमध्ये वळवावी लागलीच नव्हती, कारण मॉडेलमध्ये मी ती आभाळातून आत ठेवली होती. एकतीस वर्षं ज्या बाईने मूर्ती दारातून कशी जाईल हे दुसऱ्यांना शिकवलं, तिला हे सुचलं नाही. मुंबईत क्रेन असायची, सरकते दरवाजे असायचे, शिवाय असल्या गोष्टी बघणारा एक वेगळा माणूस असायचा. गावात तो माणूस मीच होते.

होडी आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली, कुशीवर कलंडून पाहिली. कौलं काढून वरून उतरवायचं म्हटलं तर वाशांमधलं अंतर हातभर. शिवाय भाऊंची लेखी अट. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "खांब माझ्या वडिलांनी उभा केला आहे," आणि ठेवून दिला. उद्घाटन अठरा दिवसांवर आलं होतं, जिल्ह्याहून साहेब येणार होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या.

तेव्हा दालनातली लाकडी खेळणी आणि फडताळं करायला सावंतवाडीकडचा एक सुतार आला होता. कामाला अतिशय चोख. त्याने होडीभोवती फेरी मारली आणि म्हणाला, "बाई, मधोमध दोन तुकडे करूया. आत नेऊन आतल्या बाजूने फायबर लावून जोडतो. बघणाऱ्याला रेघसुद्धा दिसणार नाही. खिळा नाही लागणार, तुमचा शब्दही राहील."

मी हो म्हटलं.

हे लिहिताना अजून लाज वाटते. माझ्या धंद्यात असं करतात. मोठी वस्तू कापतात, जोडतात, आणि जोड झाकण्याला कौशल्य म्हणतात. मी स्वतः असे जोड झाकलेले आहेत आणि त्यांबद्दल शाबासकी घेतलेली आहे. काकीला विचारावं हे मनात आलं, पण ती सकाळी बाजारात गेली होती. मला घाई होती आणि ही घाई मला सोयीची होती.

विजेचा करवत वरच्या फळीत चार बोटं शिरला असेल, तेवढ्यात काकी पायऱ्यांवर दिसली. डोक्यावर रिकामी पाटी होती. आवाज ऐकूनच ती वळली असणार. सुताराने करवत बंद केला.

"काय करतस गो बाय?"

मी भराभर समजावून सांगितलं. आत गेल्यावर जोडणार, खिळा लावणार नाही, कोणाला कळणारसुद्धा नाही.

"कोणाक कळाचा नाय?" ती म्हणाली. "माका?"

तिने पाटी खाली ठेवली, होडीजवळ गेली, कापलेल्या जागेत बोट घालून किती खोल आहे ते पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "शिवलेला उसवतत. कापणत नाय. इतक्या शिकलंस, इतक्या कळणा नाय तुका?" तिचा आवाज चढला नव्हता. "आयतवारापर्यंत बघतंय. उसवून भितर नेलंस तर ने. नायतर माणसां घेवन येतंय आणि होडी परत खोपीत नेतंय. कापलेली होडी माका नको आणि तुकाय मी देवचंय नाय."

पाटी उचलून ती गेली. सुतार माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. मी आत जाऊन मुलांसाठी केलेल्या बुटक्या बाकावर बसले आणि रडले. नोकरीत कधी रडले नव्हते, भांडले होते.

होडी उसवता येते, हे मला खरं तर माहीत असायला हवं होतं. शिवलेली होडी दर दोन-तीन वर्षांनी उसवायची आणि नव्या सुंभाने शिवायची, ही इथली जुनी रीतच होती. मी ते पुस्तकात वाचलेलंही होतं आणि फलकाच्या तिसऱ्या ओळीत लिहिलेलंही होतं. पण लिहिलेली गोष्ट करता येते हे डोक्यात आलं नाही.

आता शिवणारं कोण उरलं आहे? चौकशी केली तेव्हा एकच नाव निघालं, खाडीपलीकडचे बाबलतात्या. तरीच्या होडीतून पलीकडे गेले. तात्या अंगणात खाटेवर बसले होते, वय पंच्याऐंशी तरी असेल, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. ते हसले आणि म्हणाले, "डोळे नाय माज्याकडे, बाईनू."

"बोटां आसत मां?" मी विचारलं.

त्यांनी दोन्ही हात पुढे करून बोटं उघडून मिटून दाखवली, मला नाही, स्वतःलाच. मग म्हणाले, "सुंभ जळलो तरी पीळ जाणा नाय म्हणतत. चला, बघूया."

शनिवारी उसवायला सुरुवात झाली. तात्या सांगत होते आणि शेजारच्या गावच्या शाळेत जाणारे आमचे सहावी-सातवीच्या मुली-मुलगे जुना सुंभ ओढून काढत होते. प्रत्येक फळी सुटली की खडूने आकडा, डावी की उजवी, आणि उचलून आत. तळाचं खोड लांब होतं पण अरुंद, ते खांबाच्या बगलेतून तिरकं घालून आत गेलं. रविवारी दुपारी होडी पूर्ण आत होती, फक्त ती होडी नव्हती, जमिनीवर ओळीने मांडलेल्या फळ्या होत्या. काकी संध्याकाळी दाराशी आली, फळ्या मोजल्या आणि निघून गेली. होडी परत न्यायला माणसं आली नाहीत, एवढ्यावरून मी समजले. पण नुसती उसवलेली होडी म्हणजे लाकडाचा ढीग. ती पुन्हा होडी झाली नाही तर मी ती कापल्यासारखीच होती.

मग शिवण. आणि इथे मला कळलं की होडी एकट्याने शिवता येत नाही. एक जण बाहेर बसतो, एक जण होडीच्या आत. बाहेरचा सुंभ भोकातून आत सारतो, आतला तो पकडून, पायाने फळीला रेटा देऊन आवळतो, शेजारच्या भोकातून परत बाहेर काढतो. बाहेरचा लाकडी हातोडीने ठोकून ताण तपासतो. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. सगळं दोरीवरून कळायचं. बाहेर तात्या बसले. आत आधी सुतार बसला, मग दोन तरुण मच्छीमार, मग हट्टाने मी. त्या तरुणांनी नायलॉनची जाळी आणि फायबरच्या बोटीच पाहिल्या होत्या. तात्या टाक्यांवरून बोट फिरवायचे आणि नुसती मान हलवायचे. दोन फळ्या झाल्यावर त्यांनी सांध्यावर पाणी ओतायला सांगितलं. पाणी धो धो पलीकडे गेलं.

"बाईनू," ते म्हणाले, "तुमी म्युझियम बरा करतास. पण आतलो हात तुमचो न्हय."

"मग कोणाचा? तात्या, ही होडी शिवली तेव्हा तुम्ही होतात ना? काशीरामदादांबरोबर आत कोण होतं?"

तात्यांनी पांढरट डोळे माझ्याकडे वळवले. "सगुणा. दुसरा कोण? नवी नवरी होती तेवापासून तीच. काशीराम भायरसून ओवी, ही आतसून वोढी. तेच्या होडयेत पाणी येय नाय ता हिच्यामुळा. गावाक ठावक आसा."

गावाला ठाऊक होतं. मला नव्हतं, कारण माझ्या छापील कागदावर बनवणाऱ्याच्या नावाला एकच ओळ होती. आणि दालनात फलक तयार होऊन भिंतीला टेकलेला होता: काशीराम यांनी स्वतःच्या हातांनी शिवलेली होडी.

काकीच्या अंगणात ती खारे बांगडे वाळत घालत होती. मी तिच्यासमोर खाली बसले. मुंबईला गेल्यापासून माझी मालवणी अडखळते, पण त्या दिवशी दुसरी भाषा सुचेना. म्हटलं, "काकी, माजां चुकला. कापूक घेतलंय ता चुकला, आणि तुजा नाव लिवूक नाय ता त्येच्याहून चुकला. तू शिवलंस ती होडी. माका सांगलंस कित्याक नाय?"

ती बांगडे उलटे करत राहिली. "तू इचारलंस खंय? होडी कोणाची म्हणान इचारलंस. घोवाची म्हणान सांगलंय. कोणी शिवली ता इचारूकच नाय तू." पुढचा बांगडा उलटा करून म्हणाली, "कोणीच इचारूक नाय."

"मगे आता इचारतंय. येतलंस?"

तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि शेजारणीला मांजराकडे लक्ष ठेवायला सांगून माझ्यापुढे चालू लागली.

नंतरच्या दहा दिवसांवरून मी माझी सगळी नोकरी ओवाळून टाकीन. काकी होडीत उतरली, एक पाय फळीला लावला, आणि माझे, सुताराचे, पोरांचे सगळे टाके उसवून टाकले. बाहेरून तात्यांनी सुंभ सारला. पहिल्याच ओढीला त्यांनी "हां!" असा आवाज काढला, जुना ओळखीचा माणूस अंधारात हाताला लागल्यासारखा. मग दोघं भांडू लागली. "सैल सोडतस," ती म्हणे. "म्हातारी झालंस," ते म्हणत. करवत शिरला होता त्या जागेलाही त्यांनी आडवे टाके घातले. मुलं शाळा सुटली की धावत येत, किशीच्या वळकट्या करत. काकी त्यांतल्या एकेकीला आत बोलावून शेजारी बसवी आणि सांगे, "हातान वोढू नको गो. पाठीन वोढ."

उद्घाटनाच्या दिवशी एका बाजूच्या वरच्या दोन फळ्या राहिल्या होत्या. मी घाबरून तारीख पुढे ढकलायचं म्हणत होते. काकीने विचारलं, "साहेब काय लग्नाक येता? बघात आणि जायत." साहेब आले, फीत कापली, दालनात शिरले तर बाहेर एक आंधळा म्हातारा दोरी ओवतो आहे आणि होडीच्या आतून कोणाचा तरी आवाज येतो आहे. साहेब जरा गोंधळले, मग खाली वाकून प्रेमाने म्हणाले, "आजोबा, ही होडी तुम्ही शिवता?"

"मी भायरसून," तात्या म्हणाले. "आतसून कोण ता तिकाच इचारा."

साहेबांनी होडीत डोकावून विचारलं, "आजी, तुम्ही शिवता का?"

"दिसणा नाय?" काकी म्हणाली. "तात्या, दोरी धर. मगे बोल."

साहेब अर्धा तास थांबले आणि त्यांनी भाषण केलं नाही. आमच्या तालुक्यात इतकं यशस्वी उद्घाटन दुसरं झालेलं नाही.

फलक बदलला. आता त्यावर तीनच ओळी आहेत, पहिल्या दोन ओळींत दोन नावं आहेत. आणि दानपत्रावर मी आता विचारते, ही वस्तू करताना आणखी कोणाचा हात होता? तुम्हाला नवल वाटेल, तो रकाना कधीच रिकामा येत नाही. देवळाच्या पोवळीवरच्या, म्हणजे आवारभिंतीवरच्या दिव्यापासून ते भाताच्या कणगीपर्यंत प्रत्येक वस्तूला एक आतला हात निघाला, आणि बहुतेक वेळा तो बाईचा निघाला. हे मला एकतीस वर्षांत कोणत्याही तज्ज्ञाने शिकवलं नव्हतं.

सगळंच गोड झालं असं नाही. एक गुरुजी वर्ग घेऊन येतात आणि दारातच ओरडतात, "हाताची घडी, तोंडावर बोट!" त्यांच्याशी माझं दर वर्षी भांडण होतं आणि दर वर्षी ते पुन्हा येतात. पाण्याच्या लाटांचं एक यंत्र मी फार हौसेने केलं होतं, त्याच्याकडे एकही मूल फिरकत नाही, भिंत अजून पांढरीशुभ्र आहे. मला त्याचं वाईट वाटतं, पण मोडवत नाही. तात्या मागच्या थंडीत गेले. त्यांचे डोळे वेळेवर करून घ्यायला हवे होते. मी बोलत राहिले, ते उद्या म्हणत राहिले, आणि मीही जोर केला नाही कारण बोटांवर सगळं चाललं होतं. ही रुखरुख माझ्याबरोबरच जाईल.

ते गेल्यावर काकी महिनाभर संग्रहालयात आली नाही. मग एक दिवस आली, होडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "सुंभ जुनो झालो. आणि खरा सांगू? ही शिवण बरी की वायट ता माका अजून ठावक नाय. पाण्यात घातल्याशिवाय कळणा नाय."

"पण काकी," मी म्हटलं, "ती दारातून बाहेर जायची नाही."

काकीने माझ्याकडे पाहिलं. मी जीभ चावली.

या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत होडी पुन्हा उसवली. फळ्या मुलांनीच किनाऱ्यावर नेल्या. बाहेरच्या बाजूला या खेपेला काकी बसली, कारण ओवायला आता दुसरं कोणी उरलं नव्हतं, आणि आत तिने शिकवलेल्या मुली, आलटून पालटून. आठ दिवस दालनाचा मधला भाग मोकळा होता. उन्हाळी पर्यटक येत आणि रिकाम्या फरशीकडे बघत. मी तिथे एक पुठ्ठा ठेवला होता: "होडी समुद्रावर गेली आहे. परत येईल. बघायची असेल तर किनाऱ्यावर या." पुष्कळ जण आले. एका संग्रहालयवाल्या बाईने आपली मुख्य वस्तू अशी वाऱ्यावर सोडून द्यावी, हे माझ्या जुन्या वरिष्ठांना कळलं असतं तर त्यांनी मला नोकरीवरून काढलं असतं. मला मात्र त्या रिकाम्या फरशीइतका कुठल्याच मांडणीचा अभिमान वाटलेला नाही.

भरतीच्या वेळी होडी पाण्यात लोटली. नारळ वाढवला, दोन तरुण मच्छीमार वल्ह्यांवर, मधे काकी आणि तिने शिकवलेल्या तीन मुली. मी चढणार होते, पण काकी म्हणाली, "तू ऱ्हव. बुडालंव तर म्युझियम कोण चालवतला?" होडी पहिल्या लाटेवर उचलली गेली, जरा वाकली, पुढे सरकली. शिवण ताजी असली की पहिल्या घटकेला थोडं पाणी येतंच असं सगळे सांगत होते, म्हणून मी डबे दिले होते पाणी उपसायला. घोट्याइतक्या पाण्यात उभी राहून मी त्या डब्यांकडे बघत होते.

काकी होडीत ओणवी झाली. एका सांध्यावर तळवा ठेवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. किती वेळ लागला सांगता येत नाही. मग तिने डबा उचलला आणि तो कोरडाच समुद्रावर हलवून मला दाखवला.

"बाय," ती ओरडली, "पाणी येणा नाय गो!"